बांधून घ्यायच्या मोटारसायकलसाठी गिअरबॉक्स कसा निवडावा

जळगाव-धुळ्याकडे हौसेने मोटारसायकल बांधून घेणाऱ्या तरुणाचे पहिले प्रश्न बहुधा टाकीचा आकार, मागचा रुंद टायर आणि सायलेन्सरचा आवाज यांविषयीचे असतात, आणि गिअरबॉक्सचा विचार इंजिन चौकटीत बसल्यानंतर, म्हणजे निवड करण्याची वेळ जवळजवळ निघून गेल्यावर होतो. गाडी उभी किती देखणी दिसते हे टाकीवर ठरत असले, तरी ती चालवताना सुख देते की मनस्ताप, हे इंजिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये जे काही बसवलेले असते त्यावरच ठरते. हा लेख पहिल्यांदाच अशी गाडी बांधून घेणाऱ्यांसाठी आहे. त्यात बुलेटची उदाहरणे अधिक आहेत, कारण आपल्या भागात बांधल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचा पाया तीच असते.

आधी शब्द नीट समजून घ्यावेत

बोलताना आपण सगळ्याला मिळून ‘गिअरबॉक्स’ म्हणतो, परंतु निवड करताना चार गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. क्रँकपासून (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यापासून) क्लचपर्यंत शक्ती नेणारी प्रायमरी चेन किंवा प्रायमरी गिअर ही पहिली, क्लच ही दुसरी, प्रत्यक्ष गिअरबॉक्स ही तिसरी आणि पुढच्या लहान स्प्रॉकेटपासून, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकापासून, मागच्या मोठ्या स्प्रॉकेटपर्यंतची चेन ही चौथी. यांतली एक बदलली की उरलेल्या तिघींवर परिणाम होतो. त्यामुळे ‘गिअरबॉक्स कोणता टाकू?’ या प्रश्नाला या चारही गोष्टी समोर ठेवल्याशिवाय उत्तर नसते.

दुसरा भेद इंजिनाच्या बांधणीचा आहे. जुन्या ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये गिअरबॉक्स ही वेगळी पेटी असते आणि ती इंजिनाच्या पाठीला बोल्टने घट्ट जोडलेली असते. साधारण २००८ पासून आलेल्या युनिट बांधणीच्या इंजिनात, तसेच जावा, येझदी, आरएक्स १००, स्प्लेंडर या सगळ्यांत, गिअर इंजिनाच्याच क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या ओतीव कवचात, राहतात. याचा सरळ अर्थ असा की जुन्या बुलेटमध्ये पेटी निवडता येते, तर युनिट इंजिनात इंजिन निवडले की पेटीही निवडली गेली. तिथे फार तर आतले गिअर आणि बाहेरचे स्प्रॉकेट बदलण्याचे स्वातंत्र्य उरते.

पहिली पायरी: गाडी कुठे चालणार ते कागदावर लिहावे

हे वाक्य बाळबोध वाटेल, पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फसलेल्या गाड्या इथेच फसल्या आहेत. खान्देशचा मोठा भाग तापीच्या खोऱ्यातला सपाट प्रदेश आहे. भुसावळहून जळगाव, पारोळ्यावरून धुळ्याला जाताना चौथ्या गिअरमधून क्वचितच खाली यावे लागते. मात्र या सपाटीच्या कडेला सगळीकडे घाट उभे आहेत. चाळीसगावहून संभाजीनगरकडे निघाले की कन्नडचा घाट लागतो, धुळ्याच्या दक्षिणेला लळिंग, साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारी आणि शहाद्याहून वर चढले की तोरणमाळ. त्यात भर म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि पावसाळ्यात शिवाररस्त्यावरची काळी माती चेनला अक्षरशः लिंपून टाकते. गाडीवर एकटे बसणार की मागे कुणी असणार, आठवड्यातून किती वेळा घाट लागणार आणि शेतरस्ता आहे की केवळ महामार्ग, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. धुळ्यातल्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मी बसत असे, त्यांचे गिऱ्हाइकाला पहिले वाक्य ठरलेले असे: “भाऊ, पहिले घाट देख, मंग गिअर देख.”

दुसरी पायरी: कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. गिअरबॉक्सच्या निवडीत याचा संबंध असा येतो की इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो. जुन्या बुलेटची वेगळी पेटी बदलली तर त्या क्रमांकाला धक्का लागत नाही. युनिट इंजिनाची पेटी फुटली म्हणून दुसऱ्या गाडीची क्रँककेस घेतली, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही इंजिनच बदललेले असते आणि त्याची रीतसर नोंद आरटीओकडे करावी लागते. गाडी एमएच-१९ ची असो, १८ ची असो की ३९ ची, चौकट, इंजिन किंवा क्रँककेस यांना हात लावण्यापूर्वी आपल्या कार्यालयात विचारून घ्यावे आणि जे घ्याल त्याची पावती, तसेच ते ज्या गाडीतून निघाले तिच्या कागदांची प्रत जपून ठेवावी. भंगारात स्वस्त मिळालेली बेवारस क्रँककेस ही पुढे सर्वांत महाग पडणारी वस्तू असते.

तिसरी पायरी: मागच्या चाकापासून इंजिनाकडे गणित करावे

येथे थोडा वेळ द्यावा, कारण एक वही आणि पेन्सिल इथे दहा हजारांचा खर्च वाचवू शकते.

जुन्या चार गिअरच्या ३५० बुलेटमध्ये इंजिनाकडच्या प्रायमरी स्प्रॉकेटला २५ आणि क्लचला ५६ दात असतात, म्हणजे प्रायमरीचे गुणोत्तर २.२४ झाले. पेटीतली गुणोत्तरे पहिल्या गिअरला २.७८, दुसऱ्याला १.८४, तिसऱ्याला १.३६ आणि चौथ्याला १ अशी आहेत. मागच्या स्प्रॉकेटला ३८ दात असतात आणि पुढे १७ दातांचे स्प्रॉकेट धरले तर शेवटचे गुणोत्तर साधारण २.२४ येते. तिन्हींचा गुणाकार केला की चौथ्या गिअरमध्ये चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाला सुमारे ५ फेरे आणि पहिल्या गिअरमध्ये सुमारे १३.९ फेरे घ्यावे लागतात, हे कळते. ३.२५-१९ या टायरचा घेर साधारण २.०४ मीटर धरल्यास मिनिटाला ४००० फेऱ्यांवर चौथ्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे ९८ किलोमीटर आणि पहिल्यात सुमारे ३५ किलोमीटर वेगाने जाईल.

हा झाला वेगाचा हिशेब. चढाचा हिशेब नवशिक्या माणूस सहसा करत नाही, आणि खरा निर्णय तर तिथेच होतो. सामानासह गाडी १८० किलो आणि दोन माणसे १५० किलो, असे एकूण ३३० किलो वजन दहास एक अशा चढावर नेताना केवळ चढासाठीच ३३ किलो इतका जोर मागच्या चाकाने लावावा लागतो. टायरचा आणि वाऱ्याचा विरोध धरून मध्यम वेगात हा आकडा ४३ ते ४५ पर्यंत जातो. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २८ न्यूटन-मीटर धरला आणि मधल्या घर्षणात पंधरा टक्के गेले असे मानले, तर वरच्या गुणोत्तरांनुसार चाकाशी मिळणारा जोर चौथ्या गिअरमध्ये ३७, तिसऱ्यात ५१, दुसऱ्यात ६९ आणि पहिल्यात १०४ किलो येतो. म्हणजे अशा चढावर चौथा गिअर टिकणार नाही, तिसरा जेमतेम टिकेल आणि पुढे वाहन आडवे येऊन वेग पडला की दुसऱ्यावर यावेच लागेल. तुमच्या इंजिनाचे आणि टायरचे आकडे घालून हाच हिशेब करावा. आकडे नेमके नसले तरी चालतील, कारण आपल्याला दोन पर्यायांतला फरक पाहायचा आहे.

आता पुढचे स्प्रॉकेट १८ दातांचे केले तर ४००० फेऱ्यांवर वेग ताशी १०३ किलोमीटरच्या आसपास जातो, १६ चे केले तर ९२ वर येतो. पुढचा एक दात कमी-जास्त करणे म्हणजे जवळपास सहा टक्क्यांचा फरक, आणि तोच फरक मागच्या बाजूला आणायचा तर दोनाहून थोडे अधिक दात बदलावे लागतात. रुंद पण लहान व्यासाचा टायर घातला तर तो स्वतःच गिअर ‘खाली’ आणतो. १३०/९०-१५ या टायरचा घेर साधारण १.९३ मीटर असल्याने वेग पाच टक्क्यांनी कमी होतो. टायर आधी ठरवून मग स्प्रॉकेट ठरवण्याचे कारण हेच.

माझ्या पहिल्या गाडीला मी महामार्गावरच्या वेगाच्या मोहाने १८ दातांचे स्प्रॉकेट घातले होते. सपाटीवर गाडी सुरेख पळाली. मे महिन्यात मागे मित्राला बसवून कन्नडचा घाट चढताना पुढे ट्रकांची रांग लागली आणि वेग ताशी दहा किलोमीटरवर आला. त्या वेगाला पहिल्या गिअरमध्येही इंजिनाचे फेरे हजाराच्या जेमतेम वर राहतात, त्यामुळे गाडी बंद पडू नये म्हणून मी अर्धा क्लच दाबून चालवत राहिलो आणि वळणांच्या मध्यावर क्लच प्लेटांचा जळका वास येऊन गाडी जागीच थांबली. दोष ना इंजिनाचा होता, ना पेटीचा. मी वरच्या गिअरकडे पाहून निवड केली होती आणि घाटात मात्र कामाला आला तो पहिला गिअर.

जुन्या बुलेटबाबत आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी. तिचे पुढचे स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेले असते. ते बदलायचे तर प्रायमरीचे झाकण, चेन आणि क्लच सगळे उतरवावे लागते. मागचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमसोबत एकसंध असल्याने तिथेही सहज अदलाबदल होत नाही. ‘चालवून पाहू, नाही पटले तर बदलू’ हा विचार इथे महागात पडतो.

चौथी पायरी: चार गिअर की पाच

पाचवा गिअर टाकला की गाडी अधिक पळते, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का गैरसमज आहे. युनिट बांधणीच्या ३५० बुलेटमधल्या पाच गिअरांची गुणोत्तरे ३.०६, २.०१, १.५२, १.२१ आणि १ अशी आहेत. शेवटचा गिअर दोन्ही पेट्यांत एकास एकच आहे. बाकी सारे समान ठेवले तर पाच गिअरच्या पेटीने कमाल वेग वाढत नाही. तिचा फायदा खालच्या टोकाला आहे, कारण पहिला गिअर जवळपास दहा टक्क्यांनी अधिक जोराचा मिळतो. दुसरा फायदा वरच्या टप्प्यांत दिसतो. चार गिअरच्या पेटीत ४००० फेऱ्यांवर तिसऱ्यातून चौथ्यात गेल्यास इंजिन सुमारे २९४० वर उतरते, तर पाच गिअरच्या पेटीत चौथ्यातून पाचव्यात जाताना ते ३३०० वरच राहते. चढावर गिअर वर टाकल्यानंतर गाडीचा दम तुटत नाही, तो यामुळे.

म्हणून माझे मत असे आहे की वर्षातून दोनदाच घाट पाहणाऱ्या आणि बहुतेक एकट्याने फिरणाऱ्या माणसाला चार गिअरची जुनी पेटी पुरेशी आहे. तिची दुरुस्ती खान्देशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी होते. दोघांनी तोरणमाळ किंवा कन्नडला नेहमी जाणाऱ्याने मात्र पाच गिअरचाच विचार करावा. आरडी ३५० सारख्या सहा गिअरच्या दोन-स्ट्रोक इंजिनाचा मोह होतो, परंतु ते इंजिन वरच्या फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात जोर देणारे असल्याने त्याला सहा गिअर लागतात. बुलेटसारख्या, कमी फेऱ्यांपासूनच संथ ओढणाऱ्या लांब स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला ते लागत नाहीत.

पाचवी पायरी: पाय कोणता

जुन्या चार गिअरच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असून तो एक वर आणि तीन खाली असा पडतो, तर ब्रेक डाव्या पायाला असतो. त्या पेटीवरची न्यूट्रल शोधणारी छोटी दांडी टाचेने दाबली की पहिल्याखेरीज कोणत्याही गिअरमधून थेट न्यूट्रल मिळतो, ही सोय मला आजही हुशारीची वाटते. येझदी आणि जावात तर किक आणि गिअरची दांडी एकच आहे. डाव्या पायाची पेटी टाकायची ठरल्यास फक्त पेटी बदलून भागत नाही. ब्रेकचा पेडल, त्याची दांडी आणि फुटरेस्टच्या जागा दुसऱ्या बाजूने नव्याने बसवाव्या लागतात, आणि चौकट बेतून झाल्यावर हे काम दुप्पट होते. घरात दुसरी आधुनिक गाडी असेल आणि दोन्ही आलटून पालटून चालवायच्या असतील, तर संकटाच्या क्षणी पाय सवयीनेच पडतो हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

सहावी पायरी: जुनी पेटी घेताना

नवी पेटी परवडत नसल्यास जुनी घेण्यात गैर काही नाही, मात्र ती उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. विकणारा उघडू देत नसेल तर तिथून निघावे.

सर्वप्रथम ओतीव कवच पाहावे. वेल्डिंगचे व्रण, बोल्टच्या छिद्रांतले खराब झालेले आटे आणि बेअरिंगच्या खोबणीतली झीज ही तीन लक्षणे वाईट. बेअरिंगची बाहेरची कडी खोबणीत हाताने फिरत असेल तर कवच निकामी समजावे. लेथवाला बुश घालून देतो म्हणेल, पण शाफ्टची रेष एकदा सुटली की ती क्वचितच पुन्हा सापडते. त्यानंतर शाफ्टचे टोक धरून वर-खाली हलवावे. जाणवण्याइतका खडखडाट म्हणजे बुश किंवा बेअरिंग गेले. हे दुरुस्त होण्याजोगे आहे, फक्त किमतीतून वजा करावे.

खरा कस गिअरांच्या बाजूच्या उभट दातांचा, ज्यांना मिस्त्री ‘डॉग’ म्हणतात. मोटारसायकलच्या पेटीत गिअर कायम एकमेकांत गुंतलेले फिरत असतात आणि प्रत्यक्ष गिअर पडतो तो या डॉगांची पकड बसल्यामुळे. त्यांच्या कडा चौकोनी आणि धारदार हव्यात. कडा गोल झाल्या असतील तर गाडी ओढ घेताना गिअर आपोआप सुटतो, आणि घाटात असे होणे धोक्याचे असते. गिअर सरकवणाऱ्या फोर्कची टोके निळसर पडलेली किंवा पातळ झालेली नाहीत, हेही पाहावे. मुख्य दातांवर बारीक खड्डे पडले असतील तर तो गिअर लवकरच आवाज करू लागेल. शेवटी एका हाताने शाफ्ट फिरवत दुसऱ्या हाताने सगळे गिअर क्रमाने टाकून पाहावेत. शाफ्ट स्थिर ठेवून गिअर पडला नाही म्हणून पेटी खराब ठरवू नये, कारण न फिरता डॉग समोरासमोर अडतात.

सातवी पायरी: चेनची रेष आणि चेनचे झाकण

रुंद टायरची हौस इथे येऊन थांबते. बुलेटमध्ये प्रायमरी आणि मागची चेन दोन्ही डाव्या बाजूला आहेत. टायर रुंद केला की चेन त्याला घासू लागते, आणि ते टाळण्यासाठी पुढचे स्प्रॉकेट बाहेर सरकवले की तेवढाच भार शाफ्टच्या टोकावर, म्हणजे बेअरिंगवर अधिक पडतो. थोडेसे सरकवणे निभावते. त्याहून अधिक जागा लागत असेल तर टायर एका मापाने अरुंद घ्यावा, हे मी कोणालाही निःसंकोच सांगेन. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी लावून पाहावे आणि गाडीवर माणूस बसल्यानंतर पुन्हा पाहावे.

जावा-येझदीच्या मागच्या चेनला पूर्ण बंद झाकण होते. गाडी देखणी करण्याच्या नादात ते पहिल्यांदा काढून टाकले जाते. ज्याला पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने शेतात जायचे आहे, त्याने ते ठेवावे. ते शक्य नसेल तर ओ-रिंगची, म्हणजे सांध्यांत वंगण धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यांची, चेन घ्यावी आणि निदान वरचा पत्रा तरी राहू द्यावा.

आठवी पायरी: तेल आणि पहिली धाव

जुन्या चार गिअरच्या पेटीत पातळ ग्रीस वापरण्याची पद्धत होती. तिच्या सीलांची रचना त्या काळाची असल्याने निव्वळ पातळ तेल भरल्यास ते गॅरेजच्या फरशीवर दिसू लागते. युनिट इंजिनात इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल लागते आणि ते जासो एमए किंवा एमए-२ या, ओल्या (तेलात बुडून चालणाऱ्या) क्लचच्या मोटारसायकलींसाठी ठरवलेल्या प्रतीचेच असावे. मोटारीच्या काही तेलांतली घर्षण कमी करणारी द्रव्ये ओल्या क्लचच्या प्लेटा घसरवतात आणि मग विनाकारण नव्या प्लेटांचा खर्च निघतो.

पहिली धाव सकाळी, ऊन चढण्याआधी आणि सपाटीवर घ्यावी. पन्नासेक किलोमीटरनंतर क्लचच्या केबलची ढील, प्रायमरी चेनचा ताण आणि मागच्या चेनचा ताण पाहावा. नव्या चेनचा ताण पहिल्याच आठवड्यात सैल होतो. त्यानंतर एकट्याने, मग मागे माणूस घेऊन लळिंगसारखा लहान घाट चढावा. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबून पुन्हा निघून पाहावे. अर्ध्या क्लचवर दोन-तीन गाडीलांब्यांहून अधिक न जाता गाडी सुटली तर निवड बरोबर आली. त्याहून अधिक क्लच जाळावा लागला तर पुढचा एक दात कमी करण्यासाठी प्रायमरीचे झाकण उघडण्याची तयारी ठेवावी, आणि ते काम कन्नडला जाण्यापूर्वी करावे.